उत्तर कॅनडातल्या इनुइट वस्त्या, महागाई आणि भूक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोबीच्या गड्ड्यावर २८ डॉलरची चिठ्ठी लावलेला एक फोटो २०१२ पासून इंटरनेटवर फिरतोय. दर वर्षी तो कुणाच्या तरी फोनवर नव्याने येतो आणि खाली तेच प्रश्न पडतात: खरं आहे का, मग ते लोक तिथे राहतात कशाला, सरकार झोपलंय का. त्या प्रश्नांची जमतील तेवढी सरळ उत्तरं इथे दिली आहेत.

हे नेमकं कुठलं चाललंय?

कॅनडाच्या अगदी उत्तरेकडचं. इनुइट लोकांच्या मूळ प्रदेशाला ते ‘इनुइट नुनांगात’ म्हणतात. त्यात चार भाग येतात: वायव्येचा इनुवियालुइत प्रदेश, मधलं विस्तीर्ण नुनावुत, क्वेबेकच्या उत्तर टोकाचं नुनाविक आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचं नुनात्सियावुत. सगळ्या मिळून ५१ वस्त्या, बहुतेक समुद्राच्या काठाला.

या लेखात मुख्यतः नुनावुतबद्दल बोलू. १ एप्रिल १९९९ रोजी हा वेगळा प्रशासकीय प्रदेश (टेरिटरी) झाला. क्षेत्रफळ भारताच्या जवळपास दोन तृतीयांश आणि माणसं चाळीस हजारांच्या आसपास. त्यातले साधारण ८५ टक्के इनुइट. वस्त्या २५, राजधानी इकालुइत. दक्षिणेतून यातल्या एकाही वस्तीला रस्ता जात नाही, आणि एका वस्तीतून दुसरीतही गाडीने जाता येत नाही.

(आपल्या शाळेच्या पुस्तकात ‘एस्किमो’ होतं. ते लोक स्वतःला तसं म्हणवून घेत नाहीत, तेव्हा आपणही सोडून द्यावं.)

फोटोतले भाव खरे असतात का?

बहुतेक वेळा हो. २८ डॉलरचा कोबी खरा होता, आणि बाटलीबंद पाण्याचा १०४.९९ डॉलरचा खोकाही खरा होता. एक कॅनडियन डॉलर साठ रुपयांच्या आसपास धरला तर तो कोबी सोळा-सतराशे रुपयांचा झाला.

पण अशा फोटोंत सगळ्यात भडक भाव निवडून टिपलेला असतो. पाणी विमानाने आणणं हा मुळातच वेडा व्यवहार आहे, आणि एरवी तिथे रोज खोक्यातलं पाणी कुणी पीत नाही. खरा त्रास इतक्या ठळक फोटोत मावत नाही. दूध, अंडी, पाव, सफरचंदं, चिकन, बाळाचे डायपर, प्रत्येक गोष्ट दक्षिणेतल्या शहरापेक्षा दीडपट, दुप्पट, कधी तिप्पट. सरकार उत्तरेतल्या भावांवर लक्ष ठेवायला ६७ जिनसांची एक ठरावीक टोपली वापरतं: चार माणसांच्या कुटुंबाला आठवडाभर पुरेल असा बाजार. नुनावुतमध्ये ती टोपली कित्येक वर्षांपूर्वीच आठवड्याला ४०० डॉलरच्या वर गेली, आणि तीही सरकारी अनुदान लागू झाल्यावर.

उपाशी म्हणजे किती लोक?

कॅनडाच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत २०१७-१८ साली नुनावुतमधली ५७ टक्के घरं अन्न-असुरक्षित निघाली. देशभराचा आकडा होता १२.७ टक्के. २०१७ च्याच दुसऱ्या एका पाहणीत इनुइट नुनांगातमधल्या १५ वर्षांवरच्या इनुइटांपैकी ७६ टक्के लोकांच्या घरी अन्नाची चणचण होती. त्याआधी २००७-०८ साली ३ ते ५ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा जवळपास ७० टक्के मुलं अशाच घरांत राहत होती.

‘अन्न-असुरक्षित’ हा शब्द सरकारी आहे, आणि त्यात पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर नुसती काळजी: महिनाअखेर पुरेल ना? मग स्वस्त आणि निकस खाणं. त्याखाली जेवण वगळणं, आणि शेवटी दिवसच्या दिवस काही न खाणं. आधी आई-वडील स्वतःचं पान मांडत नाहीत, मग मोठी मुलं, आणि धाकट्याचं ताट सर्वांत शेवटी रिकामं होतं. म्हणून ‘कुपोषित बालकं’ एवढंच मोजत बसलात तर भूक खूप आधी घरात शिरलेली असते आणि आकड्यात दिसत नाही.

माल पोचतो तरी कसा?

दोन वाटा: विमान आणि जहाज.

नाशवंत माल वर्षभर विमानाने येतो. इकालुइतला ओटावाहून थेट विमान आहे, साधारण तीन तासांचं. तिथपर्यंत ठीक. पण ग्रीझ फियॉर्डसारख्या कॅनडाच्या सर्वांत उत्तरेकडच्या वस्तीत दीडशेच्या आसपास माणसं राहतात. तिथे जाणारी केळी आधी मोठ्या विमानाने, मग ‘रेझोल्यूट बे’ या वाटेतल्या वस्तीत उतरून छोट्या ट्विन ऑटर विमानाने जातात. मध्ये हिमवादळ आलं की खोके गोदामात पडून. उणे तीस-चाळीसमध्ये धावपट्टीवर पाच मिनिटं जास्त राहिलेली लेट्यूस काळी पडते. दुकानात मांडणीवर जे दिसतं त्याच्या किमतीत, वाटेत फेकून दिलेल्याची किंमतही मिसळलेली असते.

दुसरी वाट उन्हाळ्याची. समुद्रावरचं बर्फ फुटलं की जुलै ते ऑक्टोबर या काळात मालवाहू जहाजं येतात. याला तिथे ‘सीलिफ्ट’ म्हणतात. आपल्या कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरतात ना, तसाच प्रकार, फक्त चार महिन्यांऐवजी अख्ख्या वर्षाची. पीठ, तांदूळ, तेल, साखर, टॉयलेट पेपर, डिझेल, स्नोमोबाइल, घर बांधायचं लाकूड, सगळं याच फेऱ्यांत. बहुतेक वस्त्यांना धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं, माल सपाट तराफ्यांवर उतरवतात आणि भरतीची वेळ साधून ते तराफे थेट किनाऱ्यावर ढकलतात. इकालुइतमध्ये भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या वर जातो, म्हणजे वेळ चुकली की तराफा चिखलात. राजधानीच्या शहराला खोल पाण्याचं बंदर मिळालं ते २०२३ मध्ये.

मग सगळ्यांनी जहाजानेच वर्षाचं सामान का मागवू नये?

हुशार प्रश्न आहे. ज्यांना जमतं ते नेमकं हेच करतात. पगारदार सरकारी कर्मचारी वसंतातच याद्या करून माल नोंदवतात आणि त्यांचा वर्षाचा खर्च बराच आटोक्यात राहतो.

पण त्यासाठी एकरकमी काही हजार डॉलर हातात हवेत, क्रेडिट कार्ड हवं, ऑनलाइन ऑर्डर करण्याइतकं इंटरनेट हवं आणि माल ठेवायला जागा हवी. इनुइट नुनांगातमधले निम्म्याहून जास्त इनुइट दाटीवाटीच्या घरांत राहतात. बाहेरच्या खोलीत माणसं झोपतात, तिथे पिठाची वीस पोती कुठे रचणार? ज्याचं हातावर पोट, त्याला घाऊक स्वस्ताई परवडत नाही. हे जगभर असंच आहे, तिथे फक्त फरक जास्त ठसठशीत दिसतो.

ऑनलाइन दुकानांचीही तीच गत. इकालुइतमध्ये ॲमेझॉन प्राइमवरून कित्येकांनी वर्षानुवर्षं डायपर आणि डबाबंद खाणं मागवलं, पोचवणं फुकट म्हणून. लहान वस्त्यांना ती सोय मिळाली नाही.

दुकानदार लुबाडतात का?

हा प्रश्न तिथल्या लोकांच्या तोंडी कायम असतो. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सोपं नाही, पण मी दुकानांना सरसकट निर्दोषही म्हणणार नाही.

बहुतेक वस्त्यांत दोनच दुकानं असतात. एक ‘नॉर्दर्न’, म्हणजे विनिपेगच्या नॉर्थ वेस्ट कंपनीचं. ‘हडसन्स बे’ या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या जुन्या कंपनीने १९८७ साली आपली उत्तरेतली दुकानं विकली, त्यातून ही कंपनी उभी राहिली. दुसरं सहकारी दुकान, ‘को-ऑप’, सभासदांच्या मालकीचं. काही ठिकाणी दोनांतलं एकच. मालाची विमानवाहतूकही मोजक्या हातांत आहे. फर्स्ट एअर आणि कॅनडियन नॉर्थ या दोन विमान कंपन्या २०१९ मध्ये एक झाल्या आणि बऱ्याच मार्गांवरची स्पर्धाच संपली.

दुकान चालवण्याचा खर्च खरोखरच अवाढव्य आहे. नुनावुतमधली प्रत्येक वस्ती स्वतःच्या डिझेल जनित्रावर चालते, तेव्हा फ्रीजर आणि हीटर दोन्हींचं बिल डिझेलच्या भावाने येतं. जहाजाने आणलेल्या मालात वर्षभराचं भांडवल अडकून पडतं. दक्षिणेतून आणलेल्या मॅनेजरला घर द्यावं लागतं. हे सगळं मान्य. पण टोरोंटो विद्यापीठाच्या निकोलस ली आणि ट्रेसी गॅलोवे यांनी सरकारी अनुदानाचे आकडे आणि दुकानातले भाव एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा अनुदानाच्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी ६७ सेंटच भाव उतरल्याचं दिसलं. दुकान एकटंच असेल तिथे त्याहून कमी. बाकीचे पैसे कुठे गेले हे ज्याचं त्याने ओळखावं.

म्हणजे सरकार अनुदान देतं तर?

देतं, पूर्वीपासून. १९६० च्या दशकापासून ‘फूड मेल’ नावाची योजना होती: टपाल खात्यातर्फे खाण्याचं सामान सवलतीच्या दराने विमानाने पाठवायचं. १ एप्रिल २०११ पासून ती बंद करून ‘न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा’ आली. सुरुवातीचा खर्च वर्षाला ६ कोटी डॉलर, नंतर तो दुपटीहून वर गेला. या योजनेत अनुदान थेट दुकानदाराला मिळतं, किलोच्या हिशेबाने, आणि त्याने ते भावात उतरवायचं असतं. दूध, गोठवलेल्या भाज्या आणि फळं, बाळाचं दूध पावडर यांना सर्वांत जास्त दर. लांबच्या वस्तीला जास्त, जवळच्या वस्तीला कमी.

२०१४ साली महालेखापरीक्षकांनी या योजनेवर कडक ताशेरे ओढले. पूर्ण अनुदान गिऱ्हाइकापर्यंत पोचतंय याची खात्याने खातरजमाच केलेली नव्हती. आणि कुठल्या वस्तीला किती मदत हे गरजेवर नाही, तर पूर्वी फूड मेल कोण किती वापरत होतं यावर ठरलं होतं. म्हणजे जे आधीपासून मागवू शकत होते त्यांनाच पुढेही. त्यानंतर बऱ्याच सुधारणा झाल्या. २०२० पासून शिकाऱ्यांसाठी वेगळा निधी आहे, काही कोरड्या जिनसांवर जहाजवाहतुकीलाही अनुदान आहे. अलीकडे योजनेच्या बाहेरून होणाऱ्या आढाव्याचं काम नुनावुत टुंगाविक या इनुइट संघटनेच्या माजी अध्यक्षा आलुकी कोटिएर्क यांच्याकडे दिलं गेलं.

माझं मत विचाराल तर मूळ रचनाच उफराटी आहे. पैसे विक्रेत्याच्या खिशात घालून गिऱ्हाइकाचं पोट भरेल अशी आशा धरायची, आणि भूक किती कमी झाली हे मोजायचंच नाही. किती किलो माल गेला एवढंच मोजायचं.

ते लोक तर शिकारीवर जगायचे. मग आता दुकानाच्या नादी का लागले?

‘नादी लागले’ हा शब्दप्रयोग मला खटकतो, कारण त्यांना दुकानाच्या दारात आणून बसवलं गेलं.

१९५०-६० च्या दशकापर्यंत बहुतेक इनुइट कुटुंबं ऋतूप्रमाणे फिरती होती. कोल्ह्याची कातडी हडसन्स बे कंपनीच्या ठाण्यावर द्यायची आणि पीठ, चहा, तंबाखू, काडतुसं घ्यायची, एवढाच बाजाराशी संबंध. मग कातडीचे भाव कोसळले आणि सरकारने लोकांना कायमच्या वस्त्यांत आणायला सुरुवात केली. मुलांना शाळेत घातलं नाही तर भत्ता बंद होईल, असं सांगण्यात आलं. काही कुटुंबांना तर नकाशावर उचलून ठेवलं. १९५३ आणि १९५५ मध्ये नुनाविकच्या इनुकजुआकहून लोकांना दोन हजार किलोमीटर उत्तरेला रेझोल्यूट आणि ग्रीझ फियॉर्डला नेलं. तिथला अंधार, तिथले प्राणी, तिथलं बर्फ, सगळंच त्यांना परकं होतं. सरकारने त्याची माफी मागितली ती २०१० साली.

याच काळात स्लेज ओढणारी कुत्री हजारोंच्या संख्येने गेली. काही रोगाने मेली, पण कितीतरी पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी मोकाट म्हणून गोळ्या घालून मारली. कुत्री गेली की शिकारीला जायचं साधनच गेलं. वस्तीत अडकलेल्या माणसाला दुकान आणि भत्ता एवढंच उरलं. किकिक्तानी सत्यशोधन आयोगाने नुनावुतच्या पूर्वेकडच्या बाफिन भागातल्या लोकांच्या जबान्या घेऊन हे सगळं नोंदवून ठेवलंय. सरकारने त्या प्रकरणाची माफी मागितली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

आजचा शिकारी कुत्र्यांऐवजी स्नोमोबाइलवर जातो. ती घ्यायची म्हणजे पंधरा-वीस हजार डॉलर सहज. शिवाय पेट्रोल, काडतुसं, सुटे भाग, उपग्रह फोन, उन्हाळ्यात बोट आणि तिचं इंजिन. ज्या घरात आठवड्याच्या बाजाराला पैसे पुरत नाहीत त्या घरात पेट्रोल कुठून भरणार? जो पूर्णवेळ नोकरी करून पेट्रोलचे पैसे मिळवतो त्याच्याकडे शिकारीला जायला दिवसच उरत नाही. म्हणजे पैसे आहेत तर वेळ नाही, वेळ आहे तर पैसे नाहीत. भुकेचं मूळ शोधायचं तर मी कोबीच्या चिठ्ठीपेक्षा इथे आधी बघेन.

तरीही शिकार चालूच आहे. कॅरिबू (रेनडिअर), रिंग्ड सील, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा, बेलुगा आणि नारव्हेल हे देवमासे, वॉलरस. नारव्हेल-बेलुगाची कातडी खालच्या चरबीसकट कच्ची खातात, तिला ‘मक्ताक’ म्हणतात. तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं, म्हणून फळं-भाज्या नसतानाही त्यांना सहसा स्कर्व्ही (क जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग) होत नसे. घरात पुठ्ठा अंथरायचा, मधोमध गोठलेलं मांस ठेवायचं, सगळ्यांनी भोवती बसून अर्धचंद्राकार ‘उलू’ सुरीने आपापला तुकडा कापायचा. दारातून जो आत येईल त्यालाही जागा. म्हातारी माणसं आणि विधवांच्या घरी वाटा आधी पोचतो. एका चांगल्या शिकाऱ्यावर पाच-सहा घरं अवलंबून असणं यात काही नवल नाही.

सीलची शिकार क्रूर नाही का?

हा प्रश्न मुंबईत विचारणं सोपं आहे. युरोपने तो विचारला, आणि त्याची किंमत इनुइटांनी मोजली.

१९७० च्या दशकात प्राणीप्रेमी संस्थांनी पांढऱ्या सील-पिल्लांच्या हत्येविरुद्ध मोहीम उघडली. ती शिकार कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंडच्या बाजूची, व्यापारी होती. इनुइट मुख्यतः प्रौढ रिंग्ड सील मारतात, मांस खातात आणि कातडी विकतात. पण १९८३ साली युरोपने पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली तेव्हा अख्ख्या सील-कातड्याचा बाजारच बसला. लांब कोपऱ्यातल्या वस्तीत काडतुसं आणि पेट्रोल ज्या पैशातून यायचं तोच झरा आटला. २००९ मध्ये युरोपने व्यापक बंदी आणली, तिच्यात इनुइटांसाठी सवलत होती, पण नुनावुतला त्या सवलतीचं प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळेपर्यंत २०१५ उजाडलं. तोवर गिऱ्हाईकच उरलं नव्हतं.

सील मारलं तर मांस फुकट मिळतं आणि कातडी विकली की पुढच्या फेरीचं पेट्रोल निघतं, असं ते चक्र होतं. आता सील मारलं जातं, खाल्लं जातं, पण ते स्वतःचा खर्च भरून काढत नाही.

पूर्वी तिथे कधी उपासमार झालीच नाही का?

झाली. सुवर्णयुग वगैरे रंगवायची गरज नाही. कॅरिबूंचे कळप वाट बदलून गेले की आतल्या भागातले लोक मरायचे. १९५० च्या दशकात हडसन उपसागराच्या पश्चिमेला अहियारमियुत या इनुइट गटाला सरकारने वारंवार हलवलं, आणि नव्या जागी कॅरिबू न मिळाल्याने माणसं भुकेने दगावली. त्याची माफी २०१९ च्या जानेवारीत मागितली गेली. फरक एवढाच की तेव्हा अन्नच नसायचं. आता अन्न काचेच्या दारामागच्या फ्रीजरमध्ये असतं.

शिकारीचे प्राणी कमी झालेत असं ऐकलं...

काही ठिकाणी हो. बाफिन बेटावरचे कॅरिबू इतके घटले की २०१५ च्या सुरुवातीला शिकार पूर्ण थांबवली, आणि नंतर संपूर्ण बेटासाठी मिळून २५० नरांचा कोटा दिला. त्यातच समुद्रावरचं बर्फ उशिरा धरतं, लवकर सुटतं, आणि जुन्या अनुभवी माणसाचाही अंदाज चुकतो. पातळ बर्फातून स्नोमोबाइलसकट बुडालेल्या शिकाऱ्यांच्या बातम्या दर वर्षी येतात.

इतकं सगळं आहे तर सोडून का जात नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि बहुधा उत्तर ऐकायची तयारी नसताना विचारलेला.

काही जातात. ओटावा आणि मॉन्ट्रियलमध्ये बऱ्याच इनुइट लोकांची वस्ती आहे, बरेच जण उपचारासाठी येतात आणि राहून जातात. शहरात पोचल्यावर भाव उतरतात, पण भाडं चढतं, भाषा तुटते, आणि शिकारीचं मांस नातेवाइकाने विमानातून पाठवलं तरच. शहरातल्या बेघरांमध्येही इनुइट दिसतात.

आणि मुळात जावं का त्यांनी? ती त्यांची भूमी आहे, पिढ्यानपिढ्यांची. १९९३ च्या जमीन करारानुसार तिथले हक्क त्यांना कायद्याने मिळाले आहेत. शीतयुद्धात कॅनडाला उत्तरेवर आपला झेंडा हवा होता तेव्हा याच कुटुंबांना ग्रीझ फियॉर्डला नेऊन बसवलं. त्यांना तिथे आणून ठेवणारेच आज खर्च परवडत नाही म्हणाले, तर मला ते पटत नाही.

पण उत्तरेत पगारही भरपूर असतात ना?

असतात, दक्षिणेतून आलेल्यांचे. २०१६ च्या जनगणनेनुसार इनुइट नुनांगातमध्ये इनुइट व्यक्तीचं मध्यक उत्पन्न (निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) वर्षाला साधारण २३,५०० डॉलर होतं. तिथेच राहणाऱ्या बिगर-आदिवासी व्यक्तीचं ९२,००० डॉलर. एकाच दुकानात, एकाच भावाचं दूध घ्यायला या दोघी एकाच रांगेत उभ्या असतात. ‘सरासरी’ वाचून कुणी फसू नये.

भाजी तिथेच पिकवता येत नाही का?

थोडीफार येते. इनुवियालुइत प्रदेशातल्या इनुविक गावात जुन्या आइस हॉकीच्या रिंगणाचं मोठं हरितगृह केलंय. नुनावुतमधल्या जोआ हेवनला शिपिंग कंटेनरमध्ये दिव्यांखाली पालेभाज्या वाढवतात, बरीचशी वारा आणि सूर्यावरच्या विजेने. कौतुक आहेच. पण लेट्यूसने पोट भरत नाही, आणि इनुइट म्हाताऱ्यांना विचाराल तर त्यांना सॅलड नकोय, सील हवंय.

लोक गप्प का बसतात?

बसले नाहीत. २०१२ साली इकालुइतच्या लीसी पपात्सी यांनी ‘फीडिंग माय फॅमिली’ हा फेसबुक गट काढला. भावांचे फोटो टाका, एवढंच आवाहन. काही आठवड्यांत सभासद वीस हजारांवर गेले आणि ९ जूनला अनेक वस्त्यांत लोक दुकानांसमोर फलक घेऊन उभे राहिले. रस्त्यावर उतरून भांडणं हा त्या समाजाचा स्वभाव नाही, म्हणून त्याचं वजन जास्त.

त्याच्या महिनाभर आधी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्क प्रतिनिधी ऑलिव्हिए द शुटर कॅनडात येऊन गेले आणि त्यांनी देशातल्या भुकेवर बोट ठेवलं. तेव्हाच्या आरोग्यमंत्री लिओना अग्लुकाक स्वतः नुनावुतच्या इनुइट. त्यांनी या पाहुण्यालाच फैलावर घेतलं: उत्तरेत पाऊल न ठेवता उंटावरून शेळ्या हाकतोय, असा त्यांचा सूर होता. तो उत्तरेत गेला नव्हता हे खरंच होतं. पण त्याने सांगितलेलं खोटं होतं का, याचं उत्तर जूनमध्ये दुकानांसमोर मिळालं.

मुलांसाठी व्हाउचर सुरू झाले होते ना?

‘इनुइट चाइल्ड फर्स्ट’ या केंद्रीय निधीतून वस्त्यांनी मुलामागे महिन्याला ५०० डॉलरची खाण्याची व्हाउचर दिली, चार वर्षांखालच्यांना डायपर वगैरेसाठी वर २५०. पैसे प्रथमच दुकानदाराऐवजी थेट आईच्या हातात. ३१ मार्च २०२५ रोजी ती बंद झाली. माझ्या मते इतक्या वर्षांत काढलेला तो सर्वांत शहाणा उपाय होता.

ग्रीनलंड आणि अलास्कात काय परिस्थिती?

महागाई तिथेही आहे. पण ग्रीनलंडच्या गावांमध्ये शिकारी आपलं मांस-मासे उघड्या बाजारात विकतात, त्याला डॅनिशमध्ये ‘ब्रेट’ म्हणतात. नुनावुतमध्ये मांस विकावं की फक्त वाटावं यावर अजून वाद आहे, आणि विक्री बरीचशी फेसबुकवर होते. अलास्कात टपाल खात्याची ‘बायपास मेल’ पद्धत आहे, किराणा टपालाच्या दराने थेट गावाच्या दुकानात जातो.

मी शाकाहारी आहे. इकालुइतला नोकरी लागली तर जगेन का?

जगाल. तांदूळ, डाळी, पीठ, मसाले हे सगळं टिकाऊ आहे, जहाजाने मागवलं तर वर्ष काढता येतं. गोठवलेला मटार-पालक मिळतो. ताजी कोथिंबीर विसरा. कुणी कॅरिबूचा वाटा घेऊन दारात आलं तर तोंड वाकडं करू नका. आभार मानून सांगा की शेजारच्या घरी द्या.

इथून काही मदत करता येईल का?

भारतातून पार्सल पाठवू नका, टपालखर्चात आठवड्याचा बाजार येईल. पैसे द्यायचे असतील तर इकालुइतच्या काजुक्तुरविक सामुदायिक अन्नकेंद्रासारख्या स्थानिक संस्थेला द्या. तिथे गरम जेवण मिळतं, कुणीही यावं आणि बसावं. कॅनडात मतदार असाल तर तुमच्या खासदाराला व्हाउचरबद्दल पत्र लिहा.

मैत्रीण नर्स म्हणून वर्षभरासाठी नुनावुतला चाललीय. सोबत काय द्यावं?

ओटावा विमानतळावर उत्तरेकडच्या विमानाची रांग बघितलीत तर निम्म्या लोकांकडे सुटकेसऐवजी झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणि कूलर दिसतील, टेपने गुंडाळलेले, वर मार्करने नाव आणि वस्ती लिहिलेली. तिनेही तेच करावं. आतल्या बाजूला जड कोरडं सामान, मध्ये लसूण-आलं, आणि गोठवलेलं काही असेल तर कूलरमध्ये. वजनाची मर्यादा विमान कंपनीकडून आधी विचारून घ्यावी. विमानात जागा कमी पडली तर सामान मागाहून येतं, तेव्हा पहिल्या दोन दिवसांचं खाणं हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा.